जातकुळीवरून स्पीकर ठरत नाही

घरी मन लावून संगीत ऐकणाऱ्यांच्या वर्तुळात एक मत इतक्या ठामपणे मांडलं जातं, की नव्याने स्पीकर घ्यायला निघालेला माणूस ते निमूट स्वीकारतो. मत असं, की स्पीकरची जातकुळी कळली म्हणजे त्याचा आवाज कळला. ताणलेल्या पातळ पडद्याचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर म्हणजे पारदर्शक. भोंग्याचा स्पीकर म्हणजे जिवंत. एकाच ड्रायव्हरवर चालणारा, क्रॉसओव्हर (स्वर निरनिराळ्या ड्रायव्हरांत वाटून देणारं मंडल) नसलेला स्पीकर म्हणजे निर्भेळ. उरल्या त्या वूफर-ट्वीटर बसवलेल्या लाकडी पेट्या. त्या बाजारासाठी केलेल्या तडजोडी, आणि त्यातही पोर्टचं भोक असलेली पेटी म्हणजे नुसती धमधम. या मताचा हात धरून आणखी दोन मतं येतात. मोजमापं कागदावर ठीक, खरा न्याय कानच करतो, हे पहिलं. आपलं संगीत निराळं आहे, तेव्हा पाश्चात्त्य प्रयोगशाळांतले आलेख आपल्याला लागू पडत नाहीत, हे दुसरं.

ही तिन्ही मतं चुकीची आहेत आणि ती खोडून काढणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यांची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते. स्पीकर भिंतीला टेकवूनच ठेवावे लागतील अशा घरांत लोक लाखो रुपये घालून मोठाले पडदे आणतात. एखाद्या ड्रायव्हरच्या ख्यातीपायी वर्षानुवर्षं अर्धामुर्धा सूर ऐकतात. आवाज खटकला की दोष अँप्लिफायरला, केबलला, ध्वनिमुद्रणाला देत राहतात. स्पीकरकडे मात्र बोट दाखवायला धजत नाहीत, कारण त्याचं कूळ थोर असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: स्पीकरची रचना म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. काय मिळवण्यासाठी काय सोडलं, याचा तो एक हिशेब असतो. स्पीकर चांगला की वाईट हे ठरतं ते, तो समोर आणि बाजूंना सगळे स्वर किती समतोल सोडतो, आणि तुमच्या खोलीत त्याचा खर्ज कसा वागतो, यावरून. या दोन्ही गोष्टी मोजता येतात. आणि स्पीकर डोळ्यांआड ठेवून ऐकला तर कानही तोच कौल देतात.

आधी पडद्यापासून सुरुवात करू, कारण प्रतिपक्षाची सर्वांत भक्कम बाजू तिथे आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा पडदा केसाहूनही पातळ असतो. विद्युत क्षेत्र त्याला साऱ्या पृष्ठभागावर एकसारखं हलवतं; त्यामुळे कागदी शंकू मध्येच वाकतो, थरथरतो तसा प्रकार इथे फारसा होत नाही. मागे पेटी नसल्यामुळे पेटीचा स्वतःचा आवाजही नाही. हे सगळं खरं आहे. पीटर वॉकर यांचा क्वाड इएसएल १९५७ साली विक्रीला आला, तेव्हा मधल्या सप्तकातली त्याची स्पष्टता ऐकून भले भले थक्क झाले, आणि आजही चांगल्या स्थितीतला जुना इएसएल ऐकताना माणसाचा आवाज किती जवळ येतो हे कळतं.

पण हाच इतिहास पुढे वाचा. सपाट आणि मोठा पडदा वरचे स्वर समोर अरुंद झोतात फेकतो. डोकं थोडं हलवलं की सूर बदलतो, शेजारी बसलेल्याला निराळंच ऐकू येतं. वॉकर यांना हे नीट ठाऊक होतं. त्यांच्या पुढच्या स्पीकरचं नाव इएसएल-६३, कारण त्याचं काम १९६३ साली सुरू झालं. तो बाजारात आला १९८१ साली. या अठरा वर्षांत त्यांनी काय सोडवलं? पडदा आधीच हलका होता, विकृती आधीच कमी होती. त्यांनी सोडवला तो आवाज पसरण्याचा प्रश्न. पडद्याला हलवणारे विद्युत-पत्रे एकात एक अशा वर्तुळांमध्ये विभागले आणि मधल्या वर्तुळाकडून बाहेरच्या वर्तुळांकडे जाताना संदेश किंचित उशिरा पोचेल अशी सोय केली. परिणाम असा, की सपाट पडद्यातून निघालेली लहर जणू पडद्यामागे तीसेक सेंटिमीटरवर असलेल्या एका बिंदूतून पसरत येते. जुना इएसएल आणि इएसएल-६३ एकाच कुळातले, एकाच घरातले, एकाच माणसाच्या हातचे. जातकुळीचा सिद्धांत खरा असता तर दोघांचा आवाज एकच मानावा लागला असता. ज्याने हे कूळ नावारूपाला आणलं त्यालाच नुसता हलका पडदा पुरेसा वाटला नाही, हे पडद्याच्या भक्तांनी ध्यानात घ्यायला हवं.

भोंग्याची गोष्टही अशीच आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघांनी १९२५ साली चुंबकीय क्षेत्रात पुढेमागे हलणाऱ्या वेटोळ्याने चालणाऱ्या शंकूचा स्पीकर मांडला, आणि आजच्या बहुतेक स्पीकरांचा पाया तिथे घातला गेला. त्या शंकूची एक अडचण होती, आजही आहे: त्याला दिलेल्या विजेतला जेमतेम शंभरावा भाग ध्वनी होऊन बाहेर पडतो. बाकीची वीज उष्णतेत जाते. त्या काळचे अँप्लिफायर मोजक्याच वॅटचे. अशा वेळी चित्रपटगृह भरून टाकायचं तर भोंग्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भोंगा लहानशा पडद्याची हालचाल खोलीतल्या हवेपर्यंत कार्यक्षमतेने पोचवतो. पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात क्लिप्शहॉर्न घडवला तेव्हा खोलीचा कोपराच भोंग्याच्या तोंडाचा भाग म्हणून वापरला. फायदा किती? एक वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारी साधी पेटी आणि १०४ डेसिबल देणारा भोंगा यांच्यात १७ डेसिबलचं अंतर आहे; म्हणजे तेवढाच मोठा आवाज काढायला पेटीला पन्नासपट वीज लागते. पडद्याला कमी हलावं लागतं, म्हणून विकृतीही कमी. पखवाजाची थाप अंगावर येते ती यामुळे. भोंग्याचे चाहते ज्याला जिवंतपणा म्हणतात त्यामागे हे ठोस कारण आहे, आणि मी ते नाकारत नाही.

मात्र ज्याला ते भोंगा म्हणतात ती एक वस्तू नाही. जुन्या घातांकी वळणाच्या भोंग्यातून निघणारा आवाज वर जाल तसा अरुंद होत जातो, आणि तोंडाच्या कडेवरून परत फिरणाऱ्या लहरींमुळे गाण्याला नाकातला सूर चढतो. डॉन कील यांनी १९७५ साली इलेक्ट्रो-व्हॉइसमध्ये असताना या घातांकी वळणालाच आव्हान दिलं आणि ठरावीक कोनात सगळे स्वर सारखे पसरवणारे भोंगे कसे घडवावेत ते दाखवलं. त्या विचाराचे वारसदार आज अगदी साध्या दिसणाऱ्या पेट्यांमध्ये आहेत. ट्वीटरभोवती उथळ वाटीसारखा खोलगट भाग दिसतो तो शोभेचा नाही. वूफर जिथे काम सोडतो तिथे त्याचा आवाज जेवढ्या कोनात पसरत असतो, तेवढ्याच कोनात ट्वीटरने पसरवावा यासाठी तो घडवलेला असतो. आता अशा स्पीकरला भोंगा म्हणायचं की पेटी? या प्रश्नाचं उत्तर जातकुळीच्या सिद्धांताकडे नाही. त्याच्या आवाजाबद्दल उपयोगी उत्तर मात्र, कोणता स्वर कोणत्या कोनात किती पसरतो हे दाखवणाऱ्या आलेखाकडे आहे.

एकाच ड्रायव्हरच्या भक्तांचा युक्तिवाद सर्वांत मोहक आहे. सूर एका ठिकाणाहून निघावा, मध्ये क्रॉसओव्हरचे कॅपॅसिटर आणि कॉइल नसावेत, म्हणजे गाणं तुकड्या-तुकड्यांत न येता अखंड येईल, असं ते म्हणतात. ऐकायला छान वाटतं. भौतिकशास्त्र मात्र तसं वागत नाही. आठ इंची शंकू घ्या. त्याचा व्यास साधारण वीस सेंटिमीटर, आणि १,७०० हर्ट्झच्या लहरीची लांबीही तेवढीच. तिथून वर शंकूचा आवाज झपाट्याने आकसत जातो. त्याच वेळी शंकू एकसंध हलणंही सोडून देतो. त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या तालात थरथरू लागतात. म्हणून त्याच्या मध्यावर आणखी एक छोटा शंकू चिकटवतात, जो वरचे स्वर उचलतो. म्हणजे काम वाटून देणं आलंच. फक्त ते विजेच्या मंडलातून न होता कागद आणि गोंदातून, कमी ताब्यात होतं. शिवाय तोच शंकू खर्जासाठी पुढेमागे हेलकावत असताना त्याच्यावरून गायकाचा सूर निघत असतो, आणि त्या हेलकाव्यांचा डाग सुरावर पडतो.

एका बिंदूतून आवाज यावा ही इच्छा रास्त आहे, आणि तिची पूर्तता क्रॉसओव्हर टाळून नव्हे तर वापरूनच झाली आहे. टॅनॉयने १९४७ साली ट्वीटर वूफरच्याच अक्षावर बसवला. केइएफने १९८८ साली युनि-क्यू रचनेत ट्वीटर शंकूच्या केंद्रातच आणला. क्रॉसओव्हरमुळे गाण्याचा जीव जातो असं सांगणाऱ्यांनी एलएस३/५ए आठवावा. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या अडचणीच्या जागेसाठी घडवलेला हा छोटा स्पीकर. सीलबंद पेटी, दोन ड्रायव्हर आणि बराच गुंतागुंतीचा क्रॉसओव्हर. माणसाच्या आवाजासाठी जगभर ज्याचं कौतुक झालं तो हा. त्यानं सोडलं काय तर खोल खर्ज आणि मोठा आवाज. एका वॅटला जेमतेम ८२-८३ डेसिबल. मिळवलं काय तर मधल्या सप्तकातला समतोल. तो समतोल त्याला कुळाने दिला नाही. बीबीसीच्या अभियंत्यांनी ध्वनिमुद्रण कक्षातला जिवंत आवाज आणि स्पीकरचा आवाज शेजारी-शेजारी ठेवून, मोजून, दुरुस्त करून तो मिळवला.

आता पोर्टच्या भोकाचा आरोप. अल्बर्ट थुरास यांना बेल प्रयोगशाळेत असताना या कल्पनेचं पेटंट १९३२ साली मिळालं. शंकूची मागची लहर वाया न घालवता ती एका नळीतून योग्य वेळी पुढे आणायची, म्हणजे खर्ज वाढतो. पुढची तीस वर्षं मात्र पेटीचा आकार आणि नळीची लांबी बहुतांशी अंदाजाने ठरत राहिली, आणि ज्या पेट्या चुकल्या त्या धमधमल्या. एडगर विल्चर यांनी १९५४ साली एआर-१ आणला तो या पार्श्वभूमीवर. त्यांच्या सीलबंद पेटीतली कोंडलेली हवाच शंकूची स्प्रिंग झाली आणि छोट्या पेटीतून स्वच्छ, खोल खर्ज आला. पोर्टची बदनामी याच काळातली आहे. परंतु नेव्हिल थील यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात पोर्टच्या पेटीचं गणित मांडलं, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्ताराने पुढे नेलं. तेव्हापासून ड्रायव्हरचे मोजके आकडे हातात असले की खर्ज कुठवर जाईल आणि कसा उतरेल हे पेटी बनवण्याआधी सांगता येतं. सीलबंद पेटीचा खर्ज खाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टच्या पेटीचा २४ डेसिबलने. पहिलीचा उतार सौम्य, दुसरीचा तीव्र, पण दुसरी त्याआधी अधिक खाली पोचलेली असते. यात एक पवित्र आणि दुसरी भ्रष्ट असं काही नाही. जोसेफ हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की छोटी पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. सगळी कुळं या एका नियमाखाली नांदतात; कोण काय सोडतो एवढाच फरक.

इथे प्रतिपक्ष आपलं ठेवणीतलं शस्त्र काढतो: हे सारं गणित राहू द्या, शेवटी कान काय सांगतात ते महत्त्वाचं. मला हे पूर्ण मान्य आहे. म्हणूनच विचारतो, कानांना खरोखर विचारलं का? की डोळ्यांना, किमतीच्या पाटीला आणि कंपनीच्या लौकिकाला विचारून उत्तर कानांच्या नावावर लिहिलं?

फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत, म्हणजे एका सरकारी संस्थेत, हाच प्रश्न काटेकोरपणे हाताळला. स्पीकर पडद्याआड, आवाजाची पातळी सारखी केलेली, ऐकणाऱ्याला काय वाजतंय याचा पत्ता नाही. १९८५-८६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही कुणी मोडून काढलेले नाहीत. श्रवणशक्ती शाबूत असलेल्या माणसांची पसंती परस्परांशी आश्चर्यकारक रीतीने जुळते, आणि ती पसंती अशा स्पीकरना मिळते ज्यांचा समोरचा आलेख सपाट आणि बाजूंचे आलेख गुळगुळीत असतात. पुढे हार्मन कंपनीत त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली आणखी एक प्रयोग मांडला. चाळीस श्रोत्यांनी तेच चार स्पीकर एकदा पाहून आणि एकदा न पाहता ऐकले. पाहून ऐकताना मोठ्या, भारदस्त, महाग स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या संचाचे घसरले. त्याहून बोलकी बाब अशी, की न पाहता ऐकताना खोलीतली जागा बदलली की श्रोत्यांना फरक जाणवत होता. पाहून ऐकताना तोच फरक त्यांच्या मतात जवळपास उमटला नाही. म्हणजे डोळे उघडे असताना कान कमी काम करतात. 'कानच खरा न्यायाधीश' म्हणणाऱ्यांनी या निकालाचं स्वागत करायला हवं, कारण न्यायाधीशावरचा दबाव दूर करण्याचा तो मार्ग आहे.

कुणी म्हणेल, हार्मन स्वतः स्पीकर विकते, तिच्या संशोधनावर भरवसा कसा ठेवायचा? शंका योग्य आहे. म्हणूनच लक्षात ठेवावं, की मूळ निष्कर्ष सरकारी प्रयोगशाळेत निघाले होते आणि पद्धत सगळ्यांसमोर छापलेली आहे. कुणालाही ती करून पाहता येते. ऑलिव्ह यांनी २००३ साली अडीचशेहून अधिक श्रोते तपासले, प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित दोन्ही. प्रशिक्षित श्रोते गुण देताना अधिक काटेकोर होते, पण क्रम दोघांनी जवळपास एकच लावला. त्यानंतर २००४ साली सत्तर स्पीकरांचे आलेख घेऊन त्यांनी असं सूत्र मांडलं, की निव्वळ मोजमापांवरून ऐकणाऱ्यांच्या पसंतीचा अंदाज ०.८६ इतक्या सहसंबंधाने येतो. ०.८६ म्हणजे १ नव्हे. मोजमापात सगळं आलं असा माझा दावा नाही. आवाज किती रुंद पसरावा याबाबत आवडीनिवडी खरोखर वेगळ्या असतात: कुणाला खोली सुरांनी भरलेली हवी असते, कुणाला गायक नेमका समोर बसलेला. या आवडीला मान आहे. पण एखाद्या स्पीकरने ३,००० हर्ट्झला उगाच उसळी मारली तर तिला आवड म्हणता येणार नाही. तो दोष आहे, आणि कुणाचाही सूर त्यातून बिघडूनच बाहेर पडेल.

आता तिसरं मत: आपलं संगीत वेगळं आहे. संगीत वेगळं आहेच. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र नेमका उलटा आहे. तानपुरा घ्या. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर मिळवलेली असते. घोडीवरच्या सुताने जवारी खुलली की त्या एका तारेतून उपस्वरांची रांग उठते. पाचवा उपस्वर ३४६ हर्ट्झच्या आसपास, तो गंधार, आणि तिथून पुढे कित्येक हजार हर्ट्झपर्यंत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास करून दाखवलं, की तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो तो उपस्वर एरवीच्या नियमाप्रमाणे उमटूच नये, पण तानपुऱ्यात तो ठळक उमटतो. म्हणजे तानपुऱ्याचा सूर हा खालपासून वरपर्यंतच्या स्वरांच्या परस्पर प्रमाणावर उभा आहे. ते प्रमाण बिघडलं की जवारी बिघडली. चांगल्या तानपुऱ्याचं मुद्रण लावा, मोठ्या शंकूच्या एकल ड्रायव्हरसमोर मधोमध बसा, मग सोफ्यावर एका माणसाइतकं बाजूला सरका. वरची झिलई गळून पडेल आणि तारा नुसत्या गुणगुणतील. समतोल पसरणाऱ्या स्पीकरसमोर तेवढंच सरकलात तर गंधार ऐकू येत राहील. जगातल्या कुठल्याही संगीताला समतोल पसरणीची याहून अधिक गरज असेल असं मला वाटत नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा दाखला नेहमी दिला जातो: भोंग्यावर किंवा जुन्या एकल ड्रायव्हरवर अब्दुल करीम खाँसाहेब ऐका, मग बोला. खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमध्ये खालचा खर्ज आणि वरचा झळाळ मुळात फार थोडा आहे. जो काही ऐवज आहे तो मधल्या पट्ट्यात. मधला पट्टा ठीक असलेला कुठलाही स्पीकर त्या तबकड्यांना न्याय देईल, आणि आठ इंची शंकूचं वरचं अपंगत्व तिथे उघडं पडणार नाही. ती गाणी आयुष्यभर ऐकावीत अशीच आहेत. पण स्पीकरांची परीक्षा घेणारी ती नव्हेत. परीक्षा घ्यायची तर डग्गा नीट मुद्रित झालेलं आधुनिक मुद्रण घ्या.

आणि डग्ग्यामुळे आपण त्या प्रश्नाकडे येतो जो जातकुळीच्या चर्चेत कुणीच काढत नाही: खोली. ऑलिव्ह यांच्या सूत्रात पसंतीचा सुमारे तीस टक्के भाग खर्जाचा आहे, आणि घरात खर्जाचा मालक स्पीकर नसून खोली असते. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत लांबीचा अनुनाद सुमारे ४७ आणि ९४ हर्ट्झवर येतो, रुंदीचा ५६ आणि ११३ हर्ट्झवर. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबत सूर वर चढवतो तेव्हा ती मींड एका दमात, एका वजनात चढलेली असते. अशा खोलीत मात्र तिचा एक तुकडा फुगतो आणि पुढचा तुकडा दबतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असला तर फुगवटा आणखी वाढतो. स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून साठ सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारी लहर १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला खाते, म्हणजे काळी एकच्या षड्जाच्या जवळच खड्डा पडतो. गुळगुळीत फरशी, काचेचं सरकतं दार आणि मोकळ्या भिंती यांमुळे बाजूने परतणारा आवाजही ठणठणीत येतो. त्या आवाजाचा रंग स्पीकर बाजूला काय फेकतो यावर ठरतो.

इथे, आणि फक्त इथे, रचनेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. मागेपुढे सारखाच आवाज टाकणाऱ्या पडद्यामागे मीटरभर तरी मोकळी जागा हवी. ती देता येत नसेल तर त्याची पारदर्शकता तुमच्या उपयोगाची नाही. भिंतीजवळच ठेवायचं असेल तर सीलबंद पेटीचा सौम्य उतार खोलीमुळे वाढणाऱ्या खर्जाशी चांगला जुळतो. मोजक्या वॅटचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर जिवापाड आवडत असेल तर भोंग्याची कार्यक्षमता खरोखर कामाची आहे. शेजाऱ्यांची आणि तुमची भिंत एकच असेल आणि हळू आवाजात ऐकायचं असेल तर छोटी, समतोल पेटी उत्तम. हे सगळे रचनेचे योग्य विचार आहेत, कारण ते तुमच्या घरापासून सुरू होतात. यांतला एकही विचार असं म्हणत नाही, की अमुक कूळ खरं आणि तमुक खोटं.

तेव्हा स्पीकर घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला समोरचे आणि बाजूचे, दोन्ही आलेख मागा. अमेरिकेतल्या सीटीए-२०३४ या मानकाप्रमाणे दर दहा अंशांवर, आडव्या आणि उभ्या दिशेने, एकूण सत्तर मोजमापं घेतली जातात. अशी माहिती आता अनेक स्पीकरांबद्दल उपलब्ध आहे, आणि जो ती देत नाही त्याने का देत नाही हे सांगावं. दोन स्पीकरांची तुलना करताना दोघांची पातळी मीटरने सारखी करा, कारण अर्ध्या-एक डेसिबलने मोठा वाजणारा जवळजवळ नेहमीच श्रेष्ठ वाटतो. एखाद्याला पातळ कापड समोर धरून स्पीकर बदलायला सांगा, किंमत आणि नाव नंतर विचारा. घरी आणल्यावर खर्ज जिथे फुगतो तिथून सोफा आणि स्पीकर हलवून पाहा. पैसे त्यानंतर खर्च करा. परीक्षणं लिहिणाऱ्यांकडूनही हीच अपेक्षा ठेवायला हवी. आलेख न छापता 'सुरांत प्राण आहे' असं लिहिणारं परीक्षण ग्राहकाला काहीही सांगत नाही.

जातकुळीचा अभिमान बाळगणाऱ्यांशी माझं वैर नाही. संगीतावरचं त्यांचं प्रेम माझ्याएवढंच खरं आहे. म्हणूनच आग्रह धरतो. गायक बैठकीआधी तानपुऱ्याची जवारी लावायला जो वेळ घालवतो तो उपस्वरांचं प्रमाण जुळावं म्हणून. ते प्रमाण आपल्यापर्यंत शाबूत पोचवणं हे स्पीकरचं एकमेव काम आहे. ते काम पडदा करो, भोंगा करो की साधी लाकडी पेटी करो, मला त्याचं सारखंच मोल आहे. आणि ते काम झालं की नाही हे तपासण्याची साधनं आपल्या हातात असताना, कुळाच्या नावावर निकाल देण्याचा अधिकार कुणालाही उरलेला नाही.